ओळख पटत नाही

मला एंटर दाबायची भीती वाटते.

हे मी ऑफिसात कुणाला सांगत नाही, कारण माझं पोट ते बटण दाबण्यावरच चालतं. आमच्या ऑफिसात प्रत्येक टेबलावर एक कॉम्प्युटर आहे आणि त्या सगळ्यांना एकसारखं वळण लावणं हे माझं काम. प्रत्येकापाशी जाऊन बसलो तर जन्म जाईल, म्हणून मी स्क्रिप्ट लिहितो. स्क्रिप्ट म्हणजे एक हुकूमनामा. कुठल्या यंत्राला काय द्यायचं आणि कुठल्याकडून काय काढून घ्यायचं ते त्यात लिहायचं आणि एंटर दाबायचं, की तो हुकूम सगळीकडे फिरून येतो. नीट लिहिला असेल तर सगळीकडे एकदम नीट होतं. चुकला असेल तर सगळीकडे एकदम चुकतं. इतर कारकून चुकतात तेव्हा एक टेबल चुकतं, मी चुकतो तेव्हा अख्खी इमारत चुकते. म्हणून एंटरआधी मी पाणी पितो, चष्मा पुसतो, खुर्ची पुढे ओढतो, परत मागे ढकलतो आणि शेवटी डोळे मिटून बोट टेकवतो.

घरी मला भित्री भागूबाई म्हणतात. आधी एकटी बायको म्हणायची, मग तिचं ऐकून माझी आईही म्हणायला लागली. सासूबाई म्हणत नाहीत. त्या हसू दाबतात आणि माझ्या कपात आणखी थोडा चहा ओततात.

सासूबाई आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. 'सासूबाई' हे मी इथे लिहिताना तुमच्या सोयीसाठी म्हणतोय. तोंडाने मी त्यांना आईच म्हणतो. लग्न झाल्यावर लगेच माझ्या आईने मला दटावलं होतं, "सासूबाई काय म्हणतोस रे, आई म्हण. जीभ झिजणार नाही." तेव्हापासून मला दोन आया आहेत. एवढं लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

आता कुलपांकडे येतो. आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींना अधूनमधून सुधारणेची उबळ येते. मागच्या खेपेला त्यांनी जिन्यात आपोआप लागणारे दिवे बसवले. माणूस चालतोय तोवर ते लागत नाहीत, पडला की लख्ख लागतात. या खेपेला त्यांनी फाटकाला, गच्चीला आणि प्रत्येक फ्लॅटला आकड्यांची कुलपं बसवली. आपला आकडा दाबायचा, की दाराशेजारची डबी एका थंड बाईच्या आवाजात 'स्वागत आहे' म्हणते, पुढे आपलं नाव घेते आणि दार उघडते. चुकीचा आकडा दाबला तर तीच बाई त्याच आवाजात म्हणते, 'ओळख पटत नाही.' गंमत म्हणजे घरातून बाहेर पडतानाही आतून आकडा दाबावा लागायचा. असं का, म्हणून मी सेक्रेटरींना विचारलं होतं.

"समजा चोर आत शिरलाच," ते म्हणाले, "तर बाहेर कसा पडेल?"

"आणि समजा आग लागली," तळमजल्यावरचे विमेवाले म्हणाले, "तर आम्ही कसे पडू?"

विमेवाले आयुष्यभर विमा विकून निवृत्त झालेत, पण सवय निवृत्त झालेली नाही. कुणी नवी सायकल आणली तर ते आधी तिचा ब्रेक बघतात आणि मग आपल्याकडे अशा नजरेने बघतात, की सायकल परत करावीशी वाटते.

"आणीबाणीचं बटण दुसऱ्या टप्प्यात बसेल," सेक्रेटरी म्हणाले आणि विषय संपला.

कुलपं बसवणारे लोक कमिटीच्या खोलीत एक पेटी आणि एक कॉम्प्युटर ठेवून गेले. सगळी दारं त्या पेटीच्या ताब्यात. नावं आणि आकडे भरायचे ते मात्र आपण, एकेका दारासाठी वेगळे, दोन एवढ्याशा बटणांवर अक्षरं पुढेमागे करत. सेक्रेटरी एक अख्खी संध्याकाळ बसले आणि त्यांचं स्वतःचं नाव अर्धं झालं. दुसऱ्या दिवशी जिन्यात ते ही व्यथा सांगत होते, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, हे लूपमध्ये होईल."

काही वाक्यं तोंडातून निघताक्षणी परत गिळता आली असती तर संसार किती सुखाचे झाले असते. सेक्रेटरींनी माझा हात हातात घेतला. "मग करा की," ते म्हणाले.

लूप म्हणजे फेरी. डिक्शनरीवरून फेरी मारायची, एवढंच काम. आमच्या धंद्यात डिक्शनरी म्हणजे शब्दकोश नव्हे. तिच्यात डाव्या बाजूला 'की' असते, म्हणजे किल्ली, आणि उजव्या बाजूला त्या किल्लीची 'व्हॅल्यू', म्हणजे किंमत. डावीकडे माणसाचं नाव लिहायचं, उजवीकडे त्याचा आकडा आणि त्याला कुठली दारं उघडायची मुभा आहे ते. मग स्क्रिप्टने प्रत्येक किल्लीपाशी जायचं, तिची किंमत उचलायची आणि ती त्या त्या दाराला नेऊन द्यायची. माणसाची किंमत इतक्या स्वच्छपणे उजवीकडे लिहिलेली असते असा व्यवहार जगात दुसरा नसेल.

सल्ले लगेच सुरू झाले. शिवणकाम करणाऱ्या मावशी म्हणाल्या, आकडा सोपा द्या, माझ्या बोटावर शिवणाचं टोपण असतं. दातांचे डॉक्टर म्हणाले, अवघड द्या, मी लक्षात ठेवीन, पण नावापुढे डॉक्टर लागलं पाहिजे. सेक्रेटरींनी तर फर्मानच काढलं, की कागदोपत्री नावं नकोत. "ज्याला ज्या नावाने हाक मारतात तेच लिहा. माणसाला घरी आल्यासारखं वाटलं पाहिजे." त्यामुळे माझ्या डिक्शनरीत खालच्या काकू, वरच्या काकू, शिवणवाल्या मावशी, दातवाले डॉक्टर अशी रांग लागली.

"आणि ज्याचं नाव तुमच्या त्या ह्याच्यात नाही, त्याचं काय?" विमेवाल्यांनी विचारलं.

"यंत्र त्याला ओळखणार नाही," मी म्हणालो. "सोडून गेलेल्या भाडेकरूंचे आकडे आपोआप पुसले जातील. तशी सोय केली आहे."

"म्हणजे चुकून एखाद्याचं नाव राहिलं तर तो बाहेरच?"

"बाहेर, नाहीतर आत. तो जिथे असेल तिथे."

"मग तुम्ही कुणाला वगळणार?" कुणीतरी थट्टेने विचारलं.

मी क्वचितच विनोद करतो. त्या दिवशी केला. म्हणालो, "सासूबाईंपासून सुरुवात करावी म्हणतो." अख्खा जिना हसला. माझ्या विनोदाला जिना हसण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून वरच्या मजल्यावर उभ्या असलेल्यांसाठी मी तो पुन्हा एकदा, जरा मोठ्याने सांगितला.

पहिल्या दिवशी स्क्रिप्टने मला उंबऱ्यातच अडवलं. लूपला हवी असते रांग, आणि डिक्शनरी ही रांग नसते, तो जुडगा असतो. मी जुडगाच्या जुडगा त्याच्या हातात दिला, तशी पडद्यावर लालभडक अक्षरं उमटली. लाल रंग बघितला की मला घाम फुटतो. मी कॉम्प्युटर बंद करून घरी जाऊन पडलो. दुसऱ्या दिवशी जुडगा सोडवून जोड्यांची रांग केली. एक किल्ली, तिची एक किंमत. मग दुसरी किल्ली, तिची किंमत. मग लूप निमूट चालायला लागला.

निमूट चालला आणि तिथेच घात झाला, कारण स्वागताच्या वाक्यात मी किल्लीच्या जागी किंमत लिहून बसलो होतो. संध्याकाळी शिवणवाल्या मावशी फाटकाशी आल्या, आकडा दाबला आणि डबी गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, 'स्वागत आहे, सात तीन नऊ एक.' त्यामागे दातवाले डॉक्टर आले. त्यांचाही आकडा जाहीर झाला. लोक फाटकाशी येऊन आकडा दाबत आणि डबी बोलायला लागली की जोरजोरात खोकत. एकाने तिच्यावर उशी दाबून धरली.

"आता चोराला काही करायला नको," विमेवाले म्हणाले. "कोपऱ्यावर उभं राहून नुसते कान उघडे ठेवायचे."

त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी सगळे आकडे बदलून दिले आणि वाक्य दुरुस्त केलं, पण इभ्रत गेली ती गेली. मी जिना उतरायला लागलो की पोरंटोरं 'स्वागत आहे' म्हणायची. सेक्रेटरींनी माझ्याकडून लेखी खुलासा मागितला आणि कमिटीने एकमताने ठराव केला, की यापुढे पेटीला हात लावायचा तर अर्ज करायचा, आणि ज्या माणसाची माहिती बदलायची आहे त्याची त्यावर सही पाहिजे. मी मान खाली घालून ठरावाला अनुमोदन दिलं. तेच पुढे माझ्या मानगुटीवर बसणार होतं.

आमच्या मजल्याची माहिती मी सगळ्यात शेवटी भरली. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. शनिवारी संध्याकाळी पाणी प्यायलो, चष्मा पुसला आणि एंटर दाबलं. पडद्यावर हिरव्या ओळी झरझर खाली गेल्या. लाल अक्षर औषधालाही नव्हतं. अगदी वर एक जांभळी ओळ चमकून गेलेली दिसली, पण जांभळ्याला कोण भितो? मी भित्रा आहे, पण माझ्या भित्रेपणालाही शिस्त आहे, मी फक्त लाल रंगाला भितो. घरी आलो आणि बायकोला म्हणालो, "झालं एकदाचं." ती म्हणाली, "बघू सकाळी."

रविवारी सकाळी चहा झाला आणि सासूबाई आल्या नाहीत.

त्या रोज येतात. सकाळी स्वतःच्या घरी दूध तापवतात, मग इकडे चहाला येतात. आई आणि त्या शेजारी शेजारी बसून पेपर वाटून घेतात आणि मेलेल्या माणसांच्या बातम्या एकमेकींना वाचून दाखवतात. आईने पेपरची घडी मोडली नव्हती.

"ह्या अजून कशा आल्या नाहीत गं?" तिने विचारलं.

बायको पदर खोचत समोर गेली. तिने दार वाजवलं, हाका मारल्या. मग आकडा दाबला, तो तिला पाठ होता. डबी म्हणाली, 'ओळख पटत नाही.'

तिने पुन्हा दाबला. डबीने पुन्हा तेच सांगितलं. मी चप्पल न घालता धावलो आणि माझा आकडा दाबला. डबी म्हणाली, मला या दाराची परवानगी नाही. परवानगी मीच नाकारली होती, कारण प्रत्येकाला फक्त स्वतःचं दार, असा नियम मीच लिहिला होता.

"फोन लावा," बायको म्हणाली. फोन लावला, तर तो आमच्याच टेबलावर वाजला. सासूबाई तो आमच्याकडेच ठेवतात, फार वाजतो म्हणून.

"आई," बायकोने दारावर हात आपटला, "ए आई, ऐकू येतंय का?" आतून काही नाही. मग ती माझ्याकडे वळली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "अहो, ती सकाळी दूध ठेवते गॅसवर. तिला चक्कर येते कधी कधी. तुम्ही काय केलंत?"

मी तिथेच पॅसेजमध्ये पालथा पडलो आणि दाराच्या फटीला नाक लावून गॅसचा वास घ्यायला लागलो. फरशीचा वास आला. माझ्या पायपुसण्याचा आला. गॅसचा आला की नाही ते मला आजही सांगता येणार नाही, कारण भीती वाटायला लागली की मला सगळ्याचाच वास येतो. डोकं वर केलं तर समोर विमेवाल्यांच्या सपाता होत्या.

"सासूबाई का?" ते म्हणाले. मागे जिन्यात माणसं जमायला लागली होती आणि त्यातल्या निम्म्यांनी माझा विनोद दोनदा ऐकलेला होता.

"दार फोडू," मी म्हणालो.

सेक्रेटरी धापा टाकत वर आले होते. "फोडू नका," ते म्हणाले. "दार फोडलं तर यंत्र घरफोडी समजतं आणि इमारतीतलं प्रत्येक दार बंद करून टाकतं. त्यांच्या पत्रकात लिहिलंय. मग आतले आत आणि बाहेरचे बाहेर."

"मग खोली उघडा. मी पेटीतून दुरुस्त करतो."

सेक्रेटरींनी ओठांवरून जीभ फिरवली. त्यांचाही चेहरा पांढरा पडला होता, पण माणूस घाबरला की नियमाला मिठी मारतो, हे मी स्वतःवरून सांगतो. "अर्ज लागेल हो," ते म्हणाले. "मागच्या वेळी एवढं रामायण झालं. ज्यांची माहिती बदलायची त्यांची सही."

"त्या आत आहेत."

"मग दाराखालून सरकवा. आतून सही करतील, परत सरकवतील. म्हणजे त्या बऱ्या आहेत तेही कळेल."

यातला शेवटचा भाग मला इतका पटला, की मी खरोखर अर्ज लिहिला. 'विनंती'ची वेलांटी ओळीबाहेर गेली. अर्ज दाराखालून आत सरकवला, त्याचा एक कोपरा बाहेर राहिला. आम्ही सगळे त्या कोपऱ्याकडे बघत उभे राहिलो. कोपरा हलला नाही. कुणीतरी तो आत ओढेल, आता ओढेल, म्हणून मी इतका डोळे ताणून बघत होतो, की तो हलल्यासारखा वाटायचा आणि मग नुसता वाऱ्याने हललाय हे कळायचं. त्या पांढऱ्या कोपऱ्याएवढी भीती मला आयुष्यात कशाची वाटलेली नाही. लाल अक्षरांचीसुद्धा नाही.

बायको सेक्रेटरींसमोर जाऊन उभी राहिली. ती ओरडली नाही. "माझ्या आईला काही झालं," ती म्हणाली, "तर तुमचा ठराव मी तुमच्या दाराला चिकटवीन, आणि रोज येऊन वाचीन." सेक्रेटरींनी निमूट किल्ली काढली. कमिटीच्या खोलीला तेवढं जुनं कुलूप होतं.

मी खुर्चीत बसलो. मागे बायको, तिच्या शेजारी माझी आई, दारात सेक्रेटरी आणि विमेवाले, त्यांच्या मागे जिना. मी शनिवारचा पडदा वर वर सरकवत गेलो. हिरवं, हिरवं, सगळं हिरवं. आणि अगदी वर ती जांभळी ओळ. मी वाचायच्या आधी बायकोनेच चष्मा सावरून वाचली आणि मोठ्याने तिचं मराठी केलं.

"इशारा. 'आई' ही किल्ली दोनदा आली आहे. शेवटची तेवढी धरली आहे." ती थांबली. "शेवटची म्हणजे कोण?"

डिक्शनरीत एक किल्ली एकदाच लिहायची असते. तीच दुसऱ्यांदा लिहिली, तर पहिली मुकाट पुसली जाते. तिची फेरी होत नाही, तिची किंमत राहत नाही, आणि डिक्शनरीत जो नाही त्याला दारांवरून काढून टाकायची सोय मी स्वतः केली होती. हे सगळं मला माहीत होतं. हे मी ऑफिसात नव्या माणसांना शिकवतो.

"शेवटची माझी आई," मी म्हणालो.

"म्हणजे माझी पुसलीत."

"अगं, मी पुसली नाही. ज्याला ज्या नावाने हाक मारतात ते लिहायचं ठरलं होतं. मी दोघींना आईच म्हणतो."

जिन्यात कुजबुज झाली. विमेवाले हळूच म्हणाले, "त्या दिवशी तर सासूबाई म्हणत होता." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"दोघींना वेगळी नावं देतो," मी म्हणालो. "दोन मिनिटांचं काम आहे."

"मोठी आई आणि धाकटी आई करा," विमेवाले म्हणाले.

"मोठी कोण?" माझ्या आईने विचारलं. एवढ्या प्रसंगातही तिने विचारलं.

"आई क्रमांक एक, आई क्रमांक दोन," सेक्रेटरी म्हणाले. बायकोने नुसतं वळून बघितलं, तसे ते जिन्यात उतरले.

"सरळ सासूबाई लिहा की," मागून कुणीतरी म्हणालं.

"लिहायचं नाही," आई म्हणाली. "इतकी वर्षं त्यांना आई म्हणालास. आज दार अडकलं म्हणून सासूबाई?"

माझी बोटं बटणांवर तशीच राहिली होती. वर त्या कागदाचा कोपरा होता. आणि मग मला सुचलं. आपल्या भाषेत ही सोय कधीपासूनची आहे, मीच यंत्राला सांगायला विसरलो होतो. आईला मी हाक मारतो ती 'ए आई', आणि सासूबाईंना मारतो ती 'अहो आई'. मी आमच्या फ्लॅटपुढे 'ए आई' आणि समोरच्या फ्लॅटपुढे 'अहो आई' लिहिलं.

"हे उलटं झालं," बायको म्हणाली. "अहो आई म्हणजे तुमची आई. माझी आई ती ए आई."

"तुझी ती ए आई, पण माझी ती अहो आई."

"मग माझी अहो आई ती तुमची..." ती बोलता बोलता अडखळली आणि एकदम रडायला लागली. मी बोट मागे घेतलं. कुठली ए आणि कुठली अहो, ते मला खरोखर कळेनासं झालं. हे असंच बोलत वर्षानुवर्षं एका घरात राहिलो आणि कधी गोंधळ झाला नव्हता.

"लिहितोय कोण?" आईने विचारलं. "तो. मग त्याच्या तोंडचं लिहिलं जाणार. आधी दार उघडू दे, मग तुम्ही दोघं बसा ए आणि अहो करत."

लिहिलं. आता एंटर. पाणी कुठे दिसेना. मी चष्मा काढून पुसला. खुर्ची पुढे ओढली. चुकलं तर सगळी इमारत, हे वाक्य डोक्यात गरगरत होतं. खुर्ची मागे ढकलली.

"हेच ना रे बटण?" आईने विचारलं आणि माझ्या खांद्यावरून वाकून दाबून टाकलं.

हिरव्या ओळी उतरल्या. मी वरची पहिली ओळ बघितली, जांभळं काही नव्हतं. आम्ही जिना चढलो तो कसा चढलो ते दिव्यांनाही कळलं नाही, एकही लागला नाही. बायकोने आकडा दाबला. डबी थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, 'स्वागत आहे, अहो आई.' कडी सरकल्याचा आवाज आला.

आत पाऊल ठेवलं ते माझ्या अर्जावर. तो होता तसाच पडला होता. स्वयंपाकघरात गॅस बंद होता, दुधावर झाकण होतं. मागच्या खोलीत खिडकीशी खुर्ची होती आणि खुर्चीत सासूबाई आमच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. मान एका बाजूला कललेली. हात मांडीवर.

बायको उंबऱ्यात थांबली. तिला पुढे होववेना. आईने तिचा हात धरला. आणि मी, ज्याला घरात भित्री भागूबाई म्हणतात, पुढे झालो. धीर वगैरे काही आला नव्हता. मागे उभं राहायची भीती जास्त होती एवढंच. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यांनी डोळे उघडले. "आलात का?" त्या म्हणाल्या. "झाला चहा?"

मी मटकन खाली फरशीवर बसलो. बायको रडत रडत त्यांच्यावर ओरडत होती, हाका मारल्या, दार वाजवलं, कुठे होतीस. सासूबाईंनी शांतपणे टेबलावरचं कानाचं यंत्र उचललं, कानात घातलं आणि म्हणाल्या, "आता बोल." मग बायकोला बोलता येईना.

"सकाळी दार उघडेना," सासूबाई म्हणाल्या. "आकडा दाबला की ती बाई म्हणायची, ओळख पटत नाही. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. म्हटलं, ह्यांचं काहीतरी काम चाललं असेल, मध्ये लुडबुड कशाला. पण तिची बडबड काही थांबेना. म्हणून यंत्र काढून ठेवलं आणि बसले. डोळा लागला."

"घाबरला नाहीत?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"घाबरले थोडी. खोटं कशाला बोलू. त्यात त्या विमेवाल्यांनी जिन्यातलं सांगितलं होतं मला, की जावई म्हणाले, सासूबाईंना वगळणार." त्यांनी दाराकडे बघितलं. विमेवाले दारात होते, ते मागे सरकले. "मी त्यांना म्हटलं, वगळू देत सासूबाईंना. मला काय त्याचं. ते मला सासूबाई म्हणत नाहीत, आई म्हणतात. तेच आठवलं, मग बसले निवांत."

बायकोने माझ्याकडे बघितलं. आईने बघितलं. खालची ती जांभळी ओळ दोघींना ठाऊक होती. आईने पेपर उलगडला, सासूबाईंच्या हातात त्यांची पानं दिली आणि म्हणाली, "बघा बाई, आज कोण कोण गेलंय."

सेक्रेटरींनी आणीबाणीचं बटण त्याच आठवड्यात बसवून घेतलं. विमेवाल्यांनी सायकलचा ब्रेक तपासावा तसं ते चार वेळा दाबून पाहिलं. माझी आई हल्ली कारण नसताना खाली जाऊन येते. फाटकाशी डबी 'स्वागत आहे, ए आई' म्हणते, तेव्हा ती तिला "हो गं" म्हणते. ऑफिसात मी आता जांभळ्या ओळीलाही भितो.

ज्या शब्दावर विश्वास ठेवून सासूबाई त्या दिवशी आत निवांत बसल्या होत्या, त्याच शब्दाने त्यांना आत कोंडलं होतं. हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही, आणि सांगायची माझ्यात हिंमत नाही. रोज सकाळी चहाच्या वेळी समोर बटणांचा टिकटिक आवाज येतो. मग डबी जरा वेळ गप्प असते. तेवढा वेळ मी कप हातात धरून, श्वास रोखून बसतो.